नाव खाली, उजवीकडे

कोल्हापूर, रविवार पेठ
२१ जून १९८७

अंबादास,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची माझी सवय तुला ठाऊक आहे. आज तो लिहिलेला नाही. विसरले असं समजू नकोस.

तुझा लेख वाचला. ते पुण्याचं मासिक आमच्या घरी येत नाही, पण छापखान्याचे मालक दत्तोपंत ते घेतात. तुझा फोटो बघून ते स्वतः माझ्या टेबलाशी आले. "नाव काढलं की पोरानं," म्हणाले. आपल्याच छापखान्यात पाच वर्षं काढलेला मुलगा पुण्यात संगणकाचा जाणकार झाला, याचा त्यांना फार अभिमान. मलाही पहिल्या पानावर होता. दुसऱ्या पानावर जरा कमी झाला. तिसऱ्या पानावर मला माझीच वाक्यं भेटली.

संध्याकाळी अब्बांना लेख वाचून दाखवला. चाळीस वर्षं छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून त्यांच्या डोळ्यांचं जे व्हायचं ते झालं आहे, पण कान शाबूत आहेत. 'लग्नाच्या मुदपाकखान्यात' एवढं मी वाचलं आणि पुढचं वाक्य त्यांनीच म्हटलं, शब्दाला शब्द. मग विचारलं, "तुजी निळी वही छापली व्हय गं? मला सांगितलं न्हाईस त्ये."

काय सांगणार होते? ती वही मी ८१ साली नव्या मुलींसाठी लिहिली. लेखकाचा कागद जुळणीला जायच्या आधी त्यावर लाल पेन्सिलीनं आपण खुणा करतो, हा मथळा, हा परिच्छेद, हा दुसऱ्याचा उतारा. त्या खुणा म्हणजे काय आणि काय नव्हे, ते पोरींना कळावं म्हणून. तू ८३ साली पुण्याला निघालास तेव्हा 'चार दिवसांत उतरवून घेतो, ताई' म्हणून घेऊन गेलास. चार वर्षं झाली.

लग्नात पातेल्यांवर चिठ्ठ्या लावतात, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, बिनमटणाचं. चिठ्ठी फक्त आत काय आहे ते सांगते. ती ढवळत नाही, वाढत नाही. वाढप्याला आपण सांगतो ते निराळं. पहिली पंगत उठली की दुसरी बसव, रस्सा तळाला गेला तर हाक मार, पावणं नको म्हणेपर्यंत वाढत राहा. त्यात आधी-नंतर असतं, 'तर' असतं, 'तोपर्यंत' असतं. चिठ्ठीत यातलं काही नसतं. पण चिठ्ठी चुकली तर वाढपी कितीही हुशार असो, माळकऱ्याच्या ताटात मटण पडतं.

हे माझं. तू त्यात 'संगणकाच्या दोन भाषा' एवढं वर लिहिलंस. एक खुणांची भाषा, एक आज्ञांची. चपखल बसतं, नाही म्हणत नाही. फक्त पांढऱ्या रश्शाचा तू मठ्ठा केलास. पुण्याच्या वाचकाला पचावा म्हणून असेल.

आणि एक वाक्य मात्र खरंच तुझं आहे. 'छापखान्यांत खुणा करणाऱ्या बायका असतात. आपण काय करतो याची त्यांना कल्पना नसते.' हे मी तीनदा वाचलं. अब्बांना वाचून दाखवलं नाही.

मला एक ओळ हवी आहे. पुढच्या अंकात एवढंच छाप, 'या लेखातील बराच भाग मेहरुन्निसा इलाही मणेर, कोल्हापूर, यांच्या वहीतून घेतला आहे.' माझ्या नावात मधे अब्बांचं नाव आहे. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांची नावं जुळवली, पुढाऱ्यांची, कवींची, लग्नपत्रिकेतल्या चिरंजीवांची. स्वतःचं एकदाही नाही. भिंग धरलं तर मोठी अक्षरं त्यांना अजून दिसतात. पुढच्या वर्षी दिसतील याचा भरवसा डॉक्टर देत नाहीत.

एक ओळ, अंबादास. तुझ्या ताटातलं काही कमी होणार नाही.

मेहरुन्निसा


कोल्हापूर
६ जुलै १९८७

अंबादास,

पत्र पोचलं, बाकरवडीचा डबाही पोचला. बाकरवडी मशीनवाल्या पिराजीला दिली, पत्र ठेवून घेतलं.

तू लिहितोस, ज्ञान कुणाच्या मालकीचं नसतं. लिहितोस की इंग्रजी पुस्तकांत हे सगळं आहेच. असेल. त्या पुस्तकांत पातेल्यावर चिठ्ठ्या लावतात का, ते मला माहीत नाही. मग लिहितोस, 'कुठली वही? असेल तर दाखव.' हे लिहिताना तुझा हात अडखळला नाही. अक्षर सुरेख आलं आहे.

आणि शेवटी, 'ताई, राग मानू नकोस, पण खूण स्वतः काही करत नाही. करतो तो प्रोग्राम, आणि तो मी लिहिलाय.'

राग मानायचा नाही तर काय करायचं, तेही लिहायचं होतंस. आमच्या घरी तू ईदेला पहिल्या ताटावर बसायचास. अब्बा तुझा हात धरून खिळा कसा उचलायचा ते शिकवत होते, तेव्हा मी तुझ्यासाठी डबा बांधत होते. मला भाऊ नाही, म्हणून तुला भाऊ मानलं, ही माझी चूक. ती मी सुधारत आहे.

आता तुझं पुस्तक निघणार, दसऱ्याला प्रकाशन, असं दत्तोपंतांकडून कळलं. मजकूर आमच्याकडे टाइप व्हायचा, खुणा आम्ही घालायच्या, फ्लॉप्या पुण्याला पाठवायच्या आणि तिथे तुझा प्रोग्राम त्यातून पानं काढणार. पुण्यात तुला या खुणा घालणारं माणूस मिळेना, कारण खुणा आपल्याच आहेत. अब्बांच्या लाल पेन्सिलीतल्या. तू प्रत्येकीच्या आधी एक चांदणी लावलीस, एवढाच फरक.

दत्तोपंतांनी मला न विचारताच हो म्हटलं. पिराजीनं तोंड वाकडं करून विचारलं, "ताई, त्या तबकडीवर चा सांडू काय?" मी त्याला सांगितलं की असल्या पोरकटपणानं माझं समाधान होणार नाही.

मी नाही म्हणेन असं तुला वाटलं असेल. काम करते. चोख करते. मजकूर पाठव.

मेहरुन्निसा


कोल्हापूर
३० जुलै १९८७

अंबादास,

मजकूर मिळाला. दोनशे चाळीस पानं. एकदा सलग वाचून काढली. लेखात माझी सहा पानं होती, पुस्तकात अख्खी वही आहे. मधे मधे तू आहेस.

त्याबद्दल आज काही लिहीत नाही. कामाचे प्रश्न आहेत, त्यांची उत्तरं लेखी दे. फोनवर सांगू नकोस, आमच्या ऑफिसात फोनवरचं धड ऐकू येत नाही.

एक. मजकुरात जिथे दुसऱ्या कुणाचं लेखन आहे, तिथे उताऱ्याची खूण करायची का? तू हस्तलिखितात तसं कुठेच दाखवलेलं नाहीस.

दोन. ती खूण केली तर तुझा प्रोग्राम नेमकं काय करतो?

तीन. छपाईआधी मुद्रितं वाचायला तुला पाठवू का? मी पाठवावीत असं मला वाटतं.

अब्बा बरे आहेत. तुझी चौकशी करतात. मी सांगते, अंबादास फार मोठं पुस्तक लिहितो आहे.

मेहरुन्निसा

(कार्बन प्रत ठेवली आहे.)


कोल्हापूर
५ ऑक्टोबर १९८७

अंबादास,

परवा फोनवर तू ओरडलास, "ताई, हे काय केलंस?" आणि लाइन तुटली. उत्तर द्यायचं राहिलं. देते.

दत्तोपंत प्रकाशनाला आले होते. परत आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, ते अजूनही म्हणतात, समारंभ छान झाला. पाहुणे म्हणून आलेले म्हातारे प्रोफेसर पुस्तक वाचून आले होते, ही तुझी मोठीच पंचाईत झाली. वाचून येणारे पाहुणे हल्ली कुठे मिळतात? त्यांनी म्हणे मुदपाकखान्याचा उतारा मोठ्यानं वाचला, सभागृह हसलं, त्यांनी आणखी दोन वाचले. मग तुझ्याकडे वळून विचारलं, "पुस्तकाचा प्राण या उताऱ्यांत आहे. या मेहरुन्निसा मणेर कोण? त्यांना इथे का बोलावलं नाही?"

तू पाणी प्यालास, असं दत्तोपंत म्हणाले.

माझ्या तीन प्रश्नांना तुझं उत्तर ४ ऑगस्टचं आहे. माझ्यापुढे आहे, उतरवून देते. 'ताई, तू फक्त जे असेल ते सांगायचं. मथळा असेल तर मथळा, उतारा असेल तर उतारा. बाकी प्रोग्राम बघतो. उताऱ्याची खूण दिसली की तो मजकूर आत सरकवतो, बारीक टाइप लावतो, खूण केलेलं नाव खाली उजवीकडे घालतो आणि शेवटी सूचीत पानाच्या आकड्यासकट जमा करतो. मुद्रितं पाठवू नकोस. प्रोग्राम तपासलेला आहे. खुणा वाचायला मला वेळ नाही.'

जे असेल ते सांग, म्हणालास. मी जे आहे ते सांगितलं. जिथे माझं होतं तिथे चांदणी, उताऱ्याचा उ, आणि पुढे माझं पूर्ण नाव. एक्केचाळीस ठिकाणी. मी एक अक्षर बदललं नाही, एक ओळ गाळली नाही. फक्त चिठ्ठ्या लावल्या.

खूण स्वतः काही करत नाही, हे तुझं म्हणणं अगदी खरं. मी काहीच केलं नाही. मजकूर आत सरकवला तुझ्या प्रोग्रामनं. बारीक टाइप लावला त्यानं. एक्केचाळीस वेळा नाव छापलं त्यानं, आणि शेवटच्या पानावर सूची केली, जिच्यात एकच बाई आहे आणि तिच्यापुढे एक्केचाळीस आकडे. त्यानं एकदाही विचारलं नाही की मालक, हे काय चाललंय? विचारणं त्याच्या स्वभावात नाही, तूच तसा लिहिलास. तुझ्या माणसांनी निघालेल्या पानांची ब्रोमाइडं छपाईसाठी डकवली, त्यांनाही काही वावगं दिसलं नाही. पुस्तकात उतारे असतातच.

तुला हे कसं लागलं असेल याची मी रोज रात्री कल्पना करते आणि मला चांगली झोप लागते. हे चांगलं नाही, मला माहीत आहे. तरी लागते.

एक गोष्ट मात्र फसली. पुस्तक आलं त्या दिवशी मी अब्बांपुढे पान उघडून धरलं. म्हटलं, इथे बघा, खाली, उजवीकडे. त्यांनी भिंग लावलं, पान खिडकीशी नेलं, जवळ धरलं, लांब धरलं. मग म्हणाले, "लई बारीक हाय गं." एक्केचाळीसपैकी एकही त्यांना वाचता आलं नाही. बारीक टाइप तू ठरवला होतास. त्याचा हिशेब वेगळा.

मेहरुन्निसा


कोल्हापूर
१ नोव्हेंबर १९८७

अंबादास,

वकिलाची धमकी वाचली. तिला उत्तर नाही. त्याखाली तू हातानं चार ओळी लिहिल्यास, त्यांना आहे.

'एक्केचाळीसपैकी तीन उतारे माझे आहेत. माझ्या आईचे. तू चोर आहेस.'

हो.

तुझ्या आईबद्दल, धोंडुबाईंबद्दल, तू लिहिलंस ती दीड-दीड पानं, तिन्ही ठिकाणची, वहीत नव्हती. तुमच्या हेर्ले गावच्या घरात बियाण्याची मडकी, प्रत्येकाच्या गळ्याला वेगळ्या रंगाची चिंधी. ज्वारीला लाल, हरभऱ्याला हिरवी, भुईमुगाला कुणाच्या तरी धोतराची पांढरी. आईला लिहायला येत नव्हतं, पण अंधाऱ्या खोलीत ती कधी चुकली नाही. चिंधी सांगायची आत काय आहे. कधी पेरायचं ते आई ठरवायची, पाऊस बघून, बैल बघून, घरात किती तोंडं आहेत ते बघून. आणि ती गेल्यावर घरात सगळ्यांना पेरता येत होतं, पण कुठल्या रंगात काय हे कुणालाच माहीत नव्हतं.

हे वाचताना माझा हात थांबला. मला वाटलं होतं तुझ्यात तुझं असं काही नसेल. हे चांगलं होतं, माझ्यापेक्षा चांगलं. मी पेन्सिल खाली ठेवली, पाणी पिऊन आले. मग त्या तिन्हींवर उताऱ्याची खूण केली आणि पुढे माझं नाव लिहिलं. मुद्दाम. नजरचुकीनं नव्हे.

मागच्या पत्रात मी 'जे आहे ते सांगितलं' असं लिहिलं. ते अडतीस जागी खरं आहे. तीन जागी मी खोटी चिठ्ठी लावली. मला त्याची लाज वाटते. आणि तुझं पत्र वाचून आनंदही झाला, कारण आता तुला कळलं की स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या नावाखाली वाचताना काय होतं. मी ते अडतीस वेळा सोसलं. तू तीन वेळा सोस.

आता तू म्हणशील, सिद्ध करतो. कर की. जगात एकच कागद आहे ज्यावरून कळेल की एक्केचाळीसपैकी कोणते तीन मेहरुन्निसाचे नाहीत. तो निळ्या पुठ्ठ्याचा आहे, माझ्या अक्षरातला आहे, आणि तो कुठे आहे हे तू मला जुलैत विचारत होतास. वही बाहेर काढलीस तर तुझी आई तुला परत मिळेल. बाकीचं जाईल. नाही काढलीस तर बाकीचंही गेलेलंच आहे, आणि आईही माझ्याकडे राहील.

मी थांबले आहे. घाई अब्बांच्या डोळ्यांना आहे, मला नाही.

मेहरुन्निसा


कोल्हापूर
१७ जानेवारी १९८८

अंबादास,

तू वही काढशील असं मला वाटलं नव्हतं. खोटं कशाला बोलू. मी समजत होते की तू अडतीस जपशील आणि आईला सोडशील. तू उलट केलंस. प्रकाशकांना स्वतः नेऊन दिलीस आणि सांगितलंस, ताडून बघा, या तीन जागा वहीत नाहीत. त्यांनी ताडून बघितलं. तीन नाहीत हे दिसलं, आणि अडतीस आहेत हेही दिसलं.

पंधरा दिवसांपूर्वी त्यांचं पत्र आलं, माझ्या नावानं, मला 'आदरणीय' म्हणून. वही बरोबर रजिस्टर पार्सलनं आली. तिच्या समासात तुझी पेन्सिल आहे. पांढरा रस्सा खोडून मठ्ठा केलेला तिथेच आहे. ते त्यांनीही बघितलं असणार.

पहिली आवृत्ती संपली. दुसरी काढायची आहे आणि ती माझ्या नावानं काढायची आहे. तुझी मधली पानं ते गाळणार आहेत, त्यांना ती भरतीची वाटतात. मला विचारलं, संमती आहे का? मी लगेच दिली. तुझ्याकरता एक शब्दही टाकला नाही. टाकता आला असता.

तिन्ही उताऱ्यांचं काय करायचं, हे मात्र मी अब्बांना विचारलं. खरं काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं, खोटी चिठ्ठीसुद्धा. चाळीस वर्षांत त्यांनी शिव्या देत देत शत्रूचाही मजकूर शुद्ध जुळवला आहे. ते म्हणाले, "त्येच्या आईचं त्येला दे. त्यात तुजं काय न्हाई." मला ते पटायला दोन दिवस लागले. तुला दोन दिवस जास्त छळल्याचं समाधान तेवढं घेतलं.

तेव्हा कळवते. धोंडुबाईंचे तिन्ही उतारे राहतील, एक शब्द न बदलता. खूण मी काल माझ्या हातानं घातली. चांदणी, उ, अंबादास हेर्लेकर. प्रोग्राम तुझाच वापरणार आहेत, प्रकाशकांनी तो तुझ्याकडून आधीच घेऊन ठेवला होता. तो त्याला माहीत आहे तसंच करील. मजकूर आत सरकवील, बारीक टाइप लावील, नाव खाली उजवीकडे घालील. जे पुस्तक तू तुझं म्हणून मिरवलंस, त्यात तू आता पाहुणा आहेस, तीन जागी. यापेक्षा जास्त मला तुझ्याकडून काही नको, आणि यापेक्षा कमी मी घेतलं नसतं.

कव्हरचा नमुना आज आला. निळ्यावर पांढरी अक्षरं, बोटभर उंच. अब्बा उन्हात खुर्ची टाकून बसले होते. मी तो त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी भिंग डाव्या कडेपासून सरकवत नेलं, माझ्या नावावरून घाईनं गेले आणि मधल्या शब्दावर थांबले. "इलाही," त्यांनी मोठ्यानं वाचलं. परत एकदा वाचलं. अक्षराची उंची बोटानं मोजली, जुळाऱ्याच्या सवयीनं. मी रडले, हे तुला सांगायला हरकत नाही.

मग त्यांनी कव्हर उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, "अंबादासचं कुठं हाय?"

मी सांगितलं, आत. तीन ठिकाणी. बारीक टाइपात.

"म्हंजे मला न्हाई दिसायचं," ते म्हणाले, आणि भिंग खाली ठेवलं.

मेहरुन्निसा इलाही मणेर